सुभद्रेची झोंप व गर्भांतील श्रोता

‘गर्भसंस्कार’ ह्या नांवाखालीं मराठींत गेल्या कांहीं दशकांत जें विपुल वाङ्मय प्रसिद्ध झालें आहे, त्याकडे टीकाकार सहसा वळत नाहींत. तें वैद्यकांत मोडतें असें साहित्यिक समजतात. डॉक्टर त्याला भाविकांचें वाङ्मय समजून बाजूस ठेवतात. आणि अशा रीतीनें कोणाच्याहि परीक्षेस न उतरतां तें घरोघर पोंचतें. बालाजी तांबे ह्यांचा ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ हा ग्रंथ ह्या प्रकारांत विशेष प्रसिद्ध आहे. त्याशिवाय लहानमोठीं पुस्तकें, ध्वनिमुद्रणें आणि वर्ग ह्यांची मोठीच रांग आहे. आम्हांस येथें कोणा एका ग्रंथाचें परीक्षण करावयाचें नाहीं. ह्या वाङ्मयांत जी एक कथा प्रमाण म्हणून पुनःपुन्हां पुढें केली जाते, ती त्यानें कशी वाचली आणि ती कशी वाचावयास हवी होती, एवढाच प्रश्न आम्ही हातीं घेत आहों. ती कथा अर्थात् अभिमन्यूची. प्रश्न केवळ पांडित्याचा असता तर आम्ही तो पंडितांवर सोंपविला असता. परंतु ह्या एका कथेच्या वाचनानें दिवस गेलेल्या स्त्रीच्या मनावरचें ओझें वाढूं शकतें किंवा हलकें होऊं शकतें, म्हणून त्याचा खल करणें अवश्य वाटतें.

लोकांत रूढ असलेली कथा अशी. सुभद्रा गरोदर असतां अर्जुन, कोणी म्हणतात श्रीकृष्ण, तिला चक्रव्यूहाचा भेद कसा करावा तें सांगत असतो. ऐकतां ऐकतां तिचा डोळा लागतो. हुंकार मात्र चालूच राहतात, कारण ते गर्भांतून येत असतात. व्यूहांत शिरावें कसें एवढें सांगून होतें, बाहेर पडावें कसें तें राहून जातें. आणि पुढें तो कोवळा वीर कुरुक्षेत्रावर त्या अर्धवट विद्येनें मारला जातो. कथा सुंदर आहे. तिच्यांत कुतूहल आहे, करुण आहे, आणि एका लहानशा हुंकारावर सबंध युद्धाचें भवितव्य टांगण्याचें कौशल्यहि आहे. आजीच्या तोंडून ती ऐकतांना तिच्याविषयीं शंका घ्यावी असें कोणासहि वाटत नाहीं.

परंतु मूळ महाभारत उघडून पाहावें. द्रोणपर्वांत युधिष्ठिर व्यूह फोडण्याचा भार अभिमन्यूवर टाकतो, तेव्हां तो स्पष्ट सांगतो कीं, आंत शिरण्याची युक्ति पित्यानें मला शिकविली आहे. संकट ओढवल्यास बाहेर पडणें मला साधणार नाहीं. येथें गर्भाचा उल्लेख नाहीं, सुभद्रेचा नाहीं, झोंपेचाहि नाहीं. आदिपर्वांत तर अभिमन्यु जन्मल्यानंतर रीतसर अर्जुनापाशीं धनुर्वेद शिकला असें वर्णन आहे. ह्याहून महत्त्वाचें स्थळ पुढें येतें. संध्याकाळीं रणांतून परतलेला अर्जुन शिबिरांतील शांतता पाहून घाबरा होतो; मुलगा व्यूहांत तर सांपडला नसेल, ह्या शंकेनें तो व्याकुळ होतो; आणि बाहेर पडण्याचा मार्ग मीं त्याला शिकविला नव्हता, असें तो स्वतःच बोलून जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेली आणि १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति ज्यांस उपलब्ध आहे, त्यांनीं हीं स्थळें अवश्य ताडून पाहावींत. गर्भांतल्या शिक्षणाची कथा तींत नाहीं.

ह्या दोन कथांमधील अंतर नुसत्या तपशिलाचें नाहीं. महाभारतांत उणीव पित्याच्या शिकवणींत आहे आणि पिता ती आपल्या तोंडानें कबूल करतो. लोककथेंत तीच उणीव मातेच्या झोंपेंत जाऊन बसली. जिचा एकुलता एक मुलगा रणांत पडला, तिच्याच पदरांत त्याच्या मृत्यूचें माप घालण्याची ही तऱ्हा आहे, आणि तें तरी कोणत्या अपराधाबद्दल? तर दिवस भरत आलेल्या बाईला झोंप लागली म्हणून! आम्ही लोककथेस दोष देत नाहीं. लोककथा कोणी एक बसून रचीत नसतो. ती अनेकांच्या तोंडीं घडत जाते आणि समाजाच्या मनांतले पूर्वग्रह तींत सहज उतरतात. दोष द्यावयाचा तो तिला शास्त्र समजून तिच्यावर मजले चढविणारांस. गर्भवतीनें अमुक वाचावें, तमुक ऐकावें, मन क्षणभरहि मळूं देऊं नये, नाहीं तर मुलांत व्यंग राहील, ह्या उपदेशाच्या बुडाशीं सुभद्रेच्या झोंपेवर ठेवलेला तोच ठपका आहे.

आपल्या प्राचीन वाङ्मयांत गर्भांतील श्रोत्याच्या आणखीहि कथा आहेत; त्या जवळजवळ ठेवून पाहिल्या म्हणजे हा मुद्दा अधिक उघड होतो. वनपर्वांतील अष्टावक्र गर्भांत असतांना पिता कहोड ह्याचें अध्ययन ऐकतो आणि तें नीट चालत नाहीं असें त्याला ऐकवितो. रागावलेल्या बापाच्या शापानें तो आठ ठिकाणीं वांकडा होऊन जन्मतो. येथें आईचा कांहीं एक संबंध नाहीं. विद्येचा अहंकार बापाचा आणि शिक्षा मुलाला. भागवताच्या सातव्या स्कंधांत नारद प्रह्लादाच्या मातेस उपदेश करतो. प्रह्लाद पुढें सांगतो कीं, बराच काळ लोटल्यामुळें आणि ती स्त्री असल्यामुळें आईला त्याचें विस्मरण झालें, मला मात्र झालें नाहीं. म्हणजे ह्या कथेंत आई केवळ भांडें. ओतलेलें दूध मुलानें प्यालें, भांडें रितें राहिलें. तिन्ही कथांत श्रोता गर्भांत आहे, बोलणारा पुरुष आहे, आणि जिच्या देहांत हा सर्व प्रकार घडतो ती मुकी आहे. सुभद्रेला झोंप तरी लागते. कयाधूच्या वांट्याला तेंहि नाहीं.

वास्तविक ज्या संस्कारांचें नांव हें वाङ्मय घेतें, त्यांत वेगळी दृष्टि सांपडते. आश्वलायन गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयनाच्या प्रसंगीं वीणेवर गाणाऱ्या दोघांना सोमराजाचें गान करावयास सांगितलें आहे. तेथें स्त्रीच्या भोंवतीं मंगल वातावरण आहे. तिची परीक्षा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत चौथ्या महिन्यांतील गर्भवतीला दोन हृदयांची म्हटलें आहे आणि तिच्या इच्छा पुरवाव्या असें सांगितलें आहे. आपल्या ‘डोहाळे’ ह्या शब्दाच्या मागें हीच कल्पना उभी आहे. डोहाळजेवणांत सर्व घर गर्भवतीचें कौतुक करतें. तिला धडा देत नाहीं. जुनें तें सर्वच स्त्रीला जाचक होतें असें नव्हे. जुन्यांतून आपण उचललें काय, हा खरा प्रश्न आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. गर्भाला ऐकूं येतें, ही गोष्ट आज वादाची राहिलेली नाहीं. बर्नहोल्ट्झ व बेनासेराफ ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९८३ सालीं सोनोग्राफीच्या साहाय्यानें दाखविलें कीं, ध्वनीचा कंप पोंचतांच गर्भ पापण्या घट्ट मिटून दचकतो. ही प्रतिक्रिया चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास दिसूं लागते आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर नियमित होते. म्हणजे गर्भाच्या श्रवणाला साधारणतः शेवटचे तीन महिने मिळतात. त्याच्या कानांवर पडतें तें काय, हें समजावयाचें असेल तर भिंतीपलीकडील खोलींत चाललेल्या बोलण्याची कल्पना करावी. कोण बोलतो आहे, रागानें कीं लाडानें, प्रश्न विचारतो आहे कीं उत्तर देतो आहे, हें सारें समजतें. शब्द मात्र निसटतात. आईच्या पोटाच्या आवरणांतून व पाण्यांतून खालच्या पट्टीचे ध्वनि बरेचसे सुखरूप पोंचतात, वरच्या पट्टीचे बोथट होतात. आपल्या व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर, गर्भाकडे जातांना स्वर बहुतांशीं टिकतो आणि व्यंजन बहुतेक वाटेंत गळतें. आईचा आवाज मात्र हवेंतून जसा येतो तसा तिच्या देहांतूनहि येतो; म्हणून बाहेरच्या कोणाहिपेक्षां तो अधिक ठळक असतो.

हें ऐकणें वायां जात नाहीं, ह्याचा पुरावा डीकॅस्पर व फायफर ह्यांच्या १९८० सालच्या प्रसिद्ध प्रयोगांत मिळाला. जन्मून तीन दिवसहि न झालेल्या दहा बालकांच्या तोंडांत त्यांनीं यंत्राला जोडलेली चोखणी दिली. चोखण्यामधील विसांवा एका प्रकारें लांबविला वा आंखडला कीं आईचा आवाज ऐकूं येई, दुसऱ्या प्रकारें केला कीं परक्या स्त्रीचा. बालकें आईचा आवाज मिळेल अशा तऱ्हेनें चोखूं लागलीं. पुढें १९८४ सालीं पित्याच्या आवाजावर तसाच प्रयोग झाला, तेव्हां बालकांनीं पित्याच्या आवाजास परक्या पुरुषाच्या आवाजाहून अधिक पसंति दिली नाहीं. अर्जुनाच्या व्याख्यानावर विश्वास ठेवणारांनीं ह्या गोष्टीचा विचार करावा. १९८६ सालीं डीकॅस्पर व स्पेन्स ह्यांनीं गर्भवती स्त्रियांना शेवटच्या सहा आठवड्यांत मुलांच्या गोष्टींतील एकच उतारा रोज मोठ्यानें वाचावयास सांगितलें. जन्मल्यावर त्या बालकांनीं तोच उतारा पसंत केला, आणि वाचणारी दुसरीच बाई असली तरीहि पसंत केला. तेव्हां आवाजाबरोबर त्या उताऱ्याची लयहि त्यांच्या ध्यानांत राहिली होती, हें उघड झालें.

भाषेविषयीं तर ह्याहून नवल वाटावें असे शोध आहेत. मेलेर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं दाखविलें कीं, फ्रेंच घरांतील चार दिवसांचीं बालकें फ्रेंच व रशियन ह्या भाषा वेगळ्या ओळखतात. बोलण्यांतील वरचे ध्वनि गाळून केवळ हेल शिल्लक ठेवला तरीहि ओळखतात. १९९८ सालीं नात्सी व मेलेर ह्यांच्या प्रयोगांत बालकांना इंग्रजी व जपानी ह्यांतील भेद कळला, पण इंग्रजी व डच ह्यांतील कळला नाहीं, कारण त्या दोहोंची लय जवळजवळ सारखी आहे. २००९ सालीं मांपे, वर्मके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीस फ्रेंच आणि तीस जर्मन नवजात बालकांचें रडणें टिपून घेतलें. फ्रेंच बालकांच्या रडण्याचा सूर बहुधा चढत जाणारा निघाला, जर्मन बालकांचा उतरत जाणारा, आणि त्या त्या भाषेचा हेलहि तसाच आहे. आपल्याकडे कोंकणांतलें बोलणें व वऱ्हाडांतलें बोलणें शब्द कळण्यापूर्वींच हेलावरून ओळखूं येतें. बालक भाषेशीं ओळख करून घेतें तें ह्याच दारानें.

परंतु ह्याच शोधांनीं त्या ओळखीची सीमाहि आंखून दिली आहे. गर्भाला अर्थ कळत नाहीं. ‘त’ आणि ‘ट’ ह्यांतील भेद घ्या. वर्कर व टीज ह्यांनीं १९८४ सालीं दाखविलें कीं, इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांचीं मुलेंसुद्धां हिंदींतील हा भेद ओळखतात, पण वर्षाचीं होतां होतां तो त्यांना कळेनासा होतो. हिंदी घरांतील मुलांना तो कळतच राहतो. ह्याचा अर्थ असा कीं, आपल्या भाषेचीं व्यंजनें पक्कीं होतात तीं जन्मानंतरच्या वर्षांत, मांडीवर, अंगणांत, आजूबाजूच्या बोलण्यांत. ज्याला ‘त’ व ‘ट’ अजून आपले करावयाचे आहेत, तो चक्रव्यूहाचें गणित कसें शिकणार? जन्माच्या आधीं शिक्षण संपवून टाकण्याची घाई करणारें वाङ्मय, जेव्हां खरें शिक्षण सुरू होतें त्या काळाकडेच पाठ फिरवितें.

झोंपेविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. दिवस भरत आलेला गर्भ स्वतःच बहुतेक वेळ झोंपेंत असतो. तेव्हां सुभद्रेचा डोळा लागला असतां तिच्या पोटांतील श्रोता जागा राहून टिपण घेत होता, ह्या कल्पनेस शास्त्राचा आधार मुळींच नाहीं. आई झोंपली तर मुलाचें कांहींएक बुडत नाहीं. उलट तिला विश्रांति मिळते, आणि त्या दिवसांत तीच तिला सर्वांत अधिक हवी असते. सुभद्रेवरील आरोप प्राचीन ग्रंथानें केला नव्हता, आणि आधुनिक शास्त्र तो उचलून धरीत नाहीं. उरतो तो फक्त आपल्या सवयीचा.

मग आमच्या वाङ्मयांत गर्भांतील श्रोत्याचें खरें चित्र कोठें शोधावें? आमच्या मतें पुराणांपेक्षां तें जात्यावरच्या ओव्यांत अधिक सांपडेल. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’ ह्या संग्रहांत ओव्या गोळा केल्या. पुढें हेमा राईरकर व गी प्वातवँ ह्यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांपाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ह्या ओव्या कोणी गर्भाला शिकविण्यासाठीं गाइल्या नाहींत. दळण दळावयाचें होतें, अंधार होता, मन भरून आलें होतें, म्हणून त्या गाइल्या गेल्या. परंतु पहाटे पहाटे जात्यावर बसलेल्या गर्भार बाईचा विचार करा. जात्याची खालच्या पट्टींतली घरघर, तिच्यावर चढणारा तिचा स्वतःचा स्वर, ठराविक ठिकाणीं पडणारा यमकाचा ठेका, आणि तेंच पुनःपुन्हां, रोज. डीकॅस्पर व स्पेन्स ह्यांनीं आपल्या प्रयोगासाठीं जी परिस्थिति मुद्दाम निर्माण केली, ती आमच्या घरांत न सांगतां होती. भेद एवढाच कीं, येथें बोलणारी आई होती. मुलाला मिळाला तो तिच्या स्वतःच्या सुखदुःखाचा सूर. ज्यांस परंपरेचा आधार हवा आहे, त्यांनीं तो येथें घ्यावा. ह्या परंपरेंत आई मुकी नाहीं.

ही गोष्ट केवळ गतकाळाची समजूं नये. आतां जातें थांबलें असलें, तरी आईचें बोलणें थांबलेलें नाहीं. तें कोणत्या भाषेंत व्हावें, हा प्रश्न मात्र शहरांत नवा उभा राहिला आहे. त्याचें उदाहरण म्हणून मुंबईचें वांद्रे घेऊं. येथें चिंबईच्या कोळ्यांची मराठी आहे. रानवर, पाली अशा जुन्या वस्त्यांतून ‘ईस्ट इंडियन’ ख्रिस्ती कुटुंबांची मराठी बोली आहे, आणि ‘ईस्ट इंडियन’ हें नांव ह्या समाजानें १८८७ सालीं घेतलें तरी त्याची बोली त्याहून फार जुनी आहे. गोव्याकडची व मंगळूरकडची कोंकणी आहे, गुजराती आहे, उर्दू व हिंदी आहे, आणि ह्या सर्वांवर पसरलेली इंग्रजी आहे. रेल्वेच्या पूर्वेस साहित्यिकांनीं वसविलेली ‘साहित्य सहवास’ ही वसाहत आहे. तेथें विंदा करंदीकर राहत असत, आणि मुलांची कविता कळण्याच्या आधीं कानाला आवडावी लागते, हें त्यांनीं आपल्या बालकवितेनें मराठीला दाखवून दिलें. अशा गांवांतील गर्भवतीला जर कोणी सांगूं लागला कीं, घरची बोली बाजूस ठेव आणि शुद्ध संस्कृत किंवा अस्खलित इंग्रजी ऐकीव, तर तिनें काय करावें?

तिनें आपल्या भाषेंत बोलावें. ह्या उत्तराला पुरावा आहे. कॅनडांतील व्हँकूव्हर येथें बायर्स-हाइनलाइन, बर्न्स व वर्कर ह्यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या माता गरोदरपणीं इंग्रजी व तागालोग ह्या दोन्ही भाषा बोलत असत, तीं नवजात बालकें दोन्हींकडे सारख्याच आवडीनें कान देतात, आणि तरीहि त्या दोन भाषा एकमेकींपासून वेगळ्या ओळखतात, असें आढळलें. जन्मापूर्वीं दोन भाषा कानांवर पडल्यानें गोंधळ होतो, ही भीति तेव्हां व्यर्थ आहे. जी आई घरांत कोळी बोली, बाजारांत हिंदी आणि कचेरींत इंग्रजी बोलते, तिच्या पोटांतील श्रोत्याला तिच्या आयुष्याचा जो खरा नाद आहे तोच मिळतो. बोलीची लाज धरून आई गप्प बसली, तर मात्र त्याला कांहींच मिळणार नाहीं. ध्वनिमुद्रणांतील परक्या कंठानें ती पोकळी भरत नाहीं, कारण त्याच्यापुढें आईच्या आवाजाची वाट अधिक जवळची आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गर्भसंस्काराच्या पुस्तकांनीं पुष्कळ स्त्रियांना धीर दिला, त्यांना तास अर्धा तास शांत बसावयास मिळालें, घरांतल्या माणसांनीं त्यांच्याकडे लक्ष दिलें. हें सारें वाईट कसें म्हणावें? आम्ही तें वाईट म्हणत नाहीं. आईनें गाणें ऐकावें, आवडेल तें वाचावें, देवाचें नांव घ्यावेंसें वाटल्यास घ्यावें. ह्यांत तिचें सुख आहे आणि तेवढें कारण पुरे आहे. आमचा आक्षेप आहे तो त्या सुखाला लावलेल्या हिशेबावर: इतकें ऐकलें तर इतकी बुद्धि! हा मोह आमच्याच देशांत आहे असेंहि नाहीं. १९९३ सालीं अमेरिकेंत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोझार्टचें संगीत ऐकल्यावर आकृतिविषयक एका कसोटींत त्यांचे गुण दहा-पंधरा मिनिटांपुरते वाढले. एवढ्यावरून १९९८ सालीं जॉर्जिया संस्थानच्या गव्हर्नरानें प्रत्येक नवजात बालकाच्या घरीं संगीताची तबकडी पाठविण्याची योजना मांडली! विद्यार्थ्यांवरील पाव तासाचा परिणाम पाळण्यापर्यंत जाऊन पोंचला, आणि तेथून पोटापर्यंत पोंचण्यास वेळ लागला नाहीं. पोटावर ध्वनियंत्र लावून गर्भाला ऐकविण्याची जी टूम निघाली, ती ह्याच हिशेबाची संतति. तिनें बुद्धि वाढते ह्याला पुरावा नाहीं. श्रोत्याची झोंप मोडण्याचा संभव मात्र आहे.

ह्या हिशेबाचें क्रूर रूप पाहावयाचें असेल तर रेल्वेच्या पश्चिमेस, वांद्रे रेक्लमेशनपाशीं असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेचें स्मरण करावें. १९८३ सालीं स्थापन झालेल्या ह्या संस्थेंत ऐकूं न येणाऱ्या मुलांची तपासणी व शिक्षण होतें. दर हजार नवजात बालकांत एक ते तीन बालकांना जन्मतःच लक्षांत घेण्याजोगें बहिरेपण असतें. त्याचीं कारणें आनुवंशिक असतात, गरोदरपणांतील रुबेलासारख्या संसर्गाचीं असतात, अपुऱ्या दिवसांच्या जन्माचीं किंवा तीव्र काविळीचीं असतात. आईनें कोणता ग्रंथ वाचला नाहीं, हें त्यांत कोठेंच येत नाहीं. परंतु ‘संस्कारा’च्या वाङ्मयावर पोसलेल्या घरांत अशा मुलाच्या आईकडे कोणत्या नजरेनें पाहिलें जाईल, ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं. जिचें मूल तिचा आवाज तीन महिने ऐकूं शकलें नाहीं, तिलाच विचारलें जाणार: तूं त्या दिवसांत काय केलेंस? सुभद्रेची झोंप पुन्हां उकरून काढली जाते ती अशी.

आणि नेमक्या ह्या ठिकाणीं जें सांगावयास हवें, तें हें वाङ्मय ठळकपणें सांगत नाहीं. जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यांत श्रवणाची चांचणी व्हावी, तिसऱ्या महिन्याच्या आंत निदान पक्कें व्हावें, आणि सहाव्या महिन्याच्या आंत श्रवणयंत्राचा किंवा अन्य उपाय सुरू व्हावा, हा क्रम तज्ज्ञांनीं घालून दिलेला आहे. अमेरिकेंतील कोलोरॅडो येथें योशिनागा-इटानो ह्यांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, सहा महिन्यांच्या आंत ज्यांचें बहिरेपण ओळखलें गेलें त्या मुलांची भाषा उशिरां ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षां पुष्कळ चांगली वाढली. आपल्या सरकारनें २०१३ सालीं, त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत असलेल्या पालघर येथून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू केला, आणि त्यांतील जन्मजात दोषांच्या यादींत बहिरेपणाचा समावेश आहे. म्हणजे वाट आहे. वाटेकडे बोट दाखविणारी पुस्तकें हवींत. ज्याला गर्भांत कांहींच ऐकूं आलें नाहीं, त्याच्यापुढेंहि भाषेचें दार बंद होत नाहीं. श्रवणयंत्रानें, अंतःकर्णांत बसविलेल्या यंत्रानें, किंवा हातांच्या खुणांच्या स्वतंत्र व समृद्ध भाषेनें तें उघडतें. वेळेवर उघडावें लागतें, एवढेंच.

संस्कारांचा विचार करावयाचाच असेल तर तो समाजानेंहि आपल्यापुरता करावा. स्वीडनमध्यें चौदा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, गरोदरपणीं ८५ डेसिबलांहून अधिक गोंगाटांत पूर्ण वेळ काम केलेल्या स्त्रियांच्या मुलांत श्रवणदोषाचें प्रमाण जास्त होतें. कारखान्यांतला घणघणाट असो कीं रात्रीपर्यंत चालणारा ध्वनिक्षेपक असो, त्यावर एकट्या गर्भवतीचा ताबा चालत नाहीं. मालक, नगरपालिका, उत्सवाचे चालक आणि शेजारी, ह्या सर्वांच्या हातीं तो आहे. आईनें कोणतें स्तोत्र ऐकावें ह्याची चर्चा करणाऱ्या वाङ्मयांत तिच्या कानांवर काय आदळूं नये ह्याचें एखादें प्रकरण असतें, तर आम्ही त्याचें मनापासून स्वागत केलें असतें.

गर्भसंस्कारावर मराठींत चांगलें पुस्तक लिहितां येणार नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. तें लिहिणारानें प्रथम द्रोणपर्व वाचावें आणि न शिकविलेल्या विद्येची जबाबदारी घेणारा अर्जुन वाचकांपुढें उभा करावा. मग ओव्यांचे संग्रह उघडावे. मग गर्भांत काय ऐकूं येतें व काय येत नाहीं, तें भीड न धरतां सांगावें: सूर पोंचतो, लय पोंचते, आईचा आवाज सर्वांआधीं पोंचतो, अर्थ, व्यंजनें, मंत्र व युद्धशास्त्र हीं मागाहून यावयाचीं असतात आणि त्यांना सबंध आयुष्य पडलेलें असतें. शेवटच्या प्रकरणांत त्यानें बाळाच्या कानाच्या चांचणीची माहिती द्यावी. कांहीं मिनिटांची ती चांचणी आहे. कानांत बारीक ध्वनि सोडून अंतःकर्णाकडून उलट येणारा नाद टिपावयाचा असतो, आणि बाळ गाढ झोंपलेलें असलें म्हणजे ती उत्तम होते. ज्या श्रोत्यासाठीं एवढा खटाटोप चालला आहे, त्याचे कान खरोखर चालतात कीं नाहीं, हें त्याच्या झोंपेंतच कळतें. असें पुस्तक जी गर्भवती वाचील, तिनें तें मिटून निःशंकपणें डोळे मिटावे. तिला कोणी कांहीं विचारणार नाहीं.